‘उनुम बाप्तिस्मा’: एका लॅटिन शब्दाचं लिंग कसं ओळखायचं

शनिवारी दुपारी चारला माझ्याकडे चौघं जण लॅटिन शिकायला येतात. सदाशिव पेठेत, नागनाथ पाराच्या जवळ, दुसऱ्या मजल्यावर. मी एकतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर नगर रस्त्याला राहणाऱ्या एका वृद्ध फादरांकडे जाऊन लॅटिन शिकले. त्या रस्त्यावरचं पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आलं. त्या पिढीतल्या पुरोहितांचा सगळा अभ्यास लॅटिनमधूनच झालेला असायचा, त्यामुळे फादर लॅटिन वाचत नसत, बोलत. ती विद्या माझ्यापाशी थांबू नये म्हणून हा वर्ग.

चौघांतली एक मुलगी कॅम्पातल्या एका चर्चच्या गायनवृंदात गाते. मागच्या महिन्यात ती गाण्याचा कागद घेऊन आली. एका ओळीखाली तिने पेन्सिलीने दोनदा रेघ मारली होती: ‘कोन्फितेओर उनुम बाप्तिस्मा इन रेमिस्सिओनेम पेक्कातोरुम.’ म्हणजे, पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा (ख्रिस्ती स्नानसंस्कार) मी मान्य करते.

“बाई, तुम्ही सांगितलंत की शेवटी आ आला की मालेसारखं, म्हणजे स्त्रीलिंगी, चालवायचं. रोसा, रोसाय, द्वितीयेला रोसाम. मग इथे ‘उनाम बाप्तिस्माम’ हवं ना? छापताना चुकलंय का?”

छापताना काही चुकलेलं नाही. प्रश्न मात्र अगदी नेमक्या जागी पडलेला होता. मीही पहिल्या वर्षी इथेच अडले होते आणि फादरांनी मला उत्तर न सांगता कोश हातात दिला होता. त्या दिवशी वर्गात आम्ही दोन तास याच एका शब्दावर घालवले. तीच रीत इथे लिहिते. शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेल्या कोणालाही ती जमेल, कारण निम्मं काम तुम्ही तेव्हाच करून ठेवलं आहे.

लिखाणाबद्दल एक खुलासा आधी करते. लॅटिन शब्दांचे उच्चार मी जुन्या रोमन पद्धतीने लिहिले आहेत. ‘बाप्तिस्मा’च्या शेवटचा स्वर मुळात ह्रस्व आहे, आपल्या ‘कर्म’मधल्या अ-सारखा. देवनागरीत नुसता अ लिहिला तर मराठी वाचक तो गिळतो, म्हणून काना दिला आहे. हा ह्रस्व अ लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

आता पहिलं काम. शब्दाच्या शेवटाकडे बघून लिंग ठरवायचं नाही, कोश उघडायचा. कोशात प्रथमेच्या शेजारी जे दुसरं रूप छापलेलं असतं ते बोटाने धरायचं. ते षष्ठीचं असतं. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा जाडजूड कोश असो की विद्यार्थ्यांचा छोटा, रचना तीच: ‘बाप्तिस्मा, -आतिस, न.’ म्हणजे षष्ठी ‘बाप्तिस्मातिस’ आणि लिंग नपुंसक.

नवशिके हे दुसरं रूप सोडून अर्थाकडे धावतात. माझ्या मते कोशातला सगळ्यात मोलाचा मजकूर तोच. आपट्यांचा संस्कृत कोश आठवा. तिथे ‘कर्म’ असं प्रथमेचं रूप शोधून चालत नाही, ‘कर्मन्’ शोधावं लागतं. आपल्याकडे कोशकार प्रातिपदिकच, म्हणजे विभक्ती लागण्याआधीचं मूळ रूपच, आधी ठेवतात आणि प्रथमा आपण करायची असते. लॅटिन कोशकारांनी प्रथमा पुढे मांडली आणि प्रातिपदिक षष्ठीच्या पोटात ठेवलं. षष्ठीतला ‘इस’ काढा, उरतं ‘बाप्तिस्मात्’. हे खरं अंग. बाकी सगळी रूपं यालाच प्रत्यय लागून होतात. प्रथमेत तेवढा तो त् दिसत नाही, आणि म्हणून फसगत होते.

माझ्या विद्यार्थिनीने हे पाहिलं आणि विचारलं, “पण त् गेला कुठे?” याचं उत्तर लॅटिनमध्ये नाही. त्यासाठी ग्रीककडे जावं लागतं.

शब्द ग्रीक आहे हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. सगळ्यात सोपी खूण शेजारच्या क्रियापदात सापडते. ‘बाप्तिझारे’, ‘एवांगेलिझारे’ अशी ‘इझारे’ने संपणारी क्रियापदं लॅटिनची घरची नव्हेत. झ हा ध्वनीच त्यांनी ग्रीकांकडून आणला आणि त्याचं अक्षरही.

ग्रीकमध्ये मूळ धातूचं रूप ‘बाप्तो’. अर्थ बुडवणं, आणि कापड रंगाच्या भांड्यात बुडवतात म्हणून रंगवणंही. पुण्यात भाऊ रंगारी गणपती माहीत नाही असा माणूस नाही; त्या नावातला रंगारी जे काम करतो ते ग्रीकमध्ये ‘बाप्तो’. याच धातूवरून पुढे ‘बाप्तिझो’ झालं, अधिक जोराचं: पुरतं बुडवणं, बुचकळून काढणं. दोन्हींतला फरक बायबलच्या ग्रीक पाठातच दिसतो. लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंत माणूस विनवतो की लाजारसाने बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करावी. तिथे ‘बाप्तो’ आहे. आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कुष्ठरोगी नामान यार्देन नदीत सात बुड्या मारतो, तिथे ‘बाप्तिझो’.

मला या क्रियापदाचा सगळ्यात आवडलेला वापर धर्मग्रंथातला नाही. प्लेटोच्या एका संवादात दोन वाक्पटू भाऊ एका पोराला उलटसुलट प्रश्न विचारून हैराण करतात. सॉक्रेटिस म्हणतो, मुलगा ‘बाप्तिझोमेनोन’ होतोय हे मला दिसलं. इंग्रजी भाषांतरकारांना इथे काही ना काही योजावं लागतं. मराठीत काहीच करावं लागत नाही: मुलगा बुचकळ्यात पडला होता. पाण्यात बुचकळणं आणि प्रश्नाने बुचकळ्यात पडणं, दोन्ही एकाच शब्दाच्या घरात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच वाट धरली.

आता प्रत्यय. ‘बाप्तिझो’वरून ग्रीकमध्ये दोन नामं झाली. ‘बाप्तिस्मोस’ पुल्लिंगी, म्हणजे बुडवण्या-धुण्याची क्रिया. आणि ‘बाप्तिस्मा’ नपुंसकलिंगी, म्हणजे त्या क्रियेतून जे सिद्ध झालं ते. कृ धातूवरून ‘करणं’ वेगळं आणि ‘कर्म’ वेगळं, तसंच काहीसं. नव्या करारात मार्क भांडीकुंडी धुण्याच्या चालीबद्दल लिहितो तेव्हा पहिला शब्द येतो, आणि योहान यार्देनेवर देत असे तो संस्कार सांगताना दुसरा. हा दुसरा शब्द नव्या कराराच्या आधीच्या ग्रीक लिखाणात सापडलेला नाही. जुनं क्रियापद, जुना प्रत्यय, पण त्यातून घडलेलं नाम नवं.

कर्म हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. ग्रीकचा ‘मा’ आणि संस्कृतचा ‘मन्’ हा एकच प्रत्यय आहे.

संस्कृतात नामन्, ग्रीकमध्ये ओनोमा, लॅटिनमध्ये नोमेन. तिन्ही नपुंसक, तिन्हींचा अर्थ नाव. या तिघी जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेत या प्रत्ययाच्या टोकाला स्वरासारखा उच्चारला जाणारा एक न् होता. संस्कृतने आणि ग्रीकने त्याचा ह्रस्व अ केला: नाम, ओनोमा. लॅटिनने त्याचा ‘एन’ केला: नोमेन. म्हणून ‘बाप्तिस्मा’च्या शेवटचा आ मालेचा आ नव्हे. तो कर्म, नाम, वर्म, चर्म यांच्या शेवटचा अ आहे. म्हणून तर काना बघून फसू नका म्हटलं.

आणि तो त्? संस्कृतात पुढच्या रूपांमध्ये मूळचा न् परत येतो: नाम्नः, कर्मणः, कर्माणि. लॅटिनमध्येही येतो: नोमिनिस. ग्रीकने मात्र त्या जागी आपला वेगळा त् बसवला: ओनोमातोस, बाप्तिस्मातोस. लॅटिनने शब्द ग्रीकांकडून घेतला तेव्हा त् सकट घेतला. स्वतःच्या घरातला ‘नोमेन’ एका तऱ्हेने आणि पाहुणा ‘बाप्तिस्मा’ दुसऱ्या तऱ्हेने चालतो, पण दोघे सख्खे चुलत भाऊ.

हे पहिल्यांदा कळलं त्या संध्याकाळी मी नगर रस्त्यावरून घरी येताना सगळी वाट पुटपुटत होते: कर्म, कर्मणी, कर्माणि, नोमेन, नोमिनिस, बाप्तिस्मा, बाप्तिस्मातिस. आपल्या पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या होत्या, १९२२ साली जाईपर्यंत. लहानपणापासून संस्कृत मुखोद्गत असलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या त्या बाईंना ग्रीकमधला हा ‘मा’ भेटला असेल तेव्हा ओळख पटायला कितीसा वेळ लागला असेल!

आता घोका. हो, घोकाच. मी वर्गात कोणालाही तक्त्याकडे बघू देत नाही, रामः रामौ रामाः जसं म्हटलं तसंच म्हणायला लावते. लॅटिनमध्ये द्विवचन नाही आणि विभक्ती सहा आहेत, त्यामुळे ओझं निम्मं. प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, पंचमी या क्रमाने: बाप्तिस्मा, बाप्तिस्मातिस, बाप्तिस्माति, बाप्तिस्मा, बाप्तिस्माते. अनेकवचन: बाप्तिस्माता, बाप्तिस्मातुम, बाप्तिस्मातिबुस, बाप्तिस्माता, बाप्तिस्मातिबुस. संबोधन प्रथमेसारखंच. ज्याला मी पंचमी म्हणते ती विभक्ती तृतीयेचं आणि बरंचसं सप्तमीचंही काम उरकते.

म्हणताना कान उघडे ठेवा. प्रथमा आणि द्वितीया सारख्या आहेत. फलं फले फलानि, पुनस्तद्वत्. नपुंसकाचा हा नियम संस्कृत, ग्रीक, लॅटिन तिघींनी सांभाळला. म्हणून गाण्याच्या कागदावर ‘मी मान्य करते’ या क्रियापदाचं कर्म असूनही ‘बाप्तिस्माम’ होत नाही. अनेकवचनातलं ‘बुस’ म्हणजे आपल्या ‘भ्यः’चं नातलग, चतुर्थी आणि पंचमी दोन्हींना तेच, जसं कर्मभ्यः कर्मभ्यः. षष्ठीच्या ‘तुम’मधला ‘उम’ म्हणजे ‘नाम्नाम्’मधला आम्. आणि अनेकवचनाचा शेवटचा आ पाहून पुन्हा स्त्रीलिंगाकडे वळू नका. वेदात ‘विश्वा भुवनानि’ येतं, त्यातलं ‘विश्वा’ हे नपुंसक अनेकवचन असंच आ-ने संपतं.

एक फाटा फक्त नोंदवून ठेवते. ‘मा’वाल्या ग्रीक शब्दांना चतुर्थी-पंचमीच्या अनेकवचनात ‘इबुस’ऐवजी नुसता ‘इस’ही लागतो, सिसेरो ‘पोएमातिस’ लिहितो. ते षष्ठी एकवचनासारखं दिसतं. संदर्भावरून कळतं.

रूपं पाठ झाली की ती खऱ्या वाक्यात सापडली पाहिजेत, नाहीतर चार दिवसांत विरून जातात. यासाठी मी वुल्गाता वापरते, म्हणजे लॅटिन बायबल. इ.स. ३८२ च्या सुमारास पोप दामासुसने जेरोम या विद्वानाकडे जुनी लॅटिन भाषांतरं तपासायचं काम दिलं, तिथून ते घडत गेलं. आमच्या शब्दाची जवळजवळ सगळी रूपं त्यात मिळतात. वही घ्या आणि ही जागच्या जागी उतरवून काढा. प्रेषितांची कृत्ये १८:२५ मध्ये अपुल्लोला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता: ‘बाप्तिस्मा योआन्निस’, द्वितीया. त्याच ग्रंथात १९:३ ला पौल विचारतो, तुमचा बाप्तिस्मा कशात झाला? उत्तर येतं, ‘इन योआन्निस बाप्तिस्माते’, पंचमी. मार्क ७:४ ला पेले आणि भांडी धुणं, ‘बाप्तिस्माता’, अनेकवचन. इब्री लोकांस पत्र ६:२ ला ‘बाप्तिस्मातुम’ आणि ९:१० ला ‘बाप्तिस्मातिबुस’.

मार्कच्या त्या जागी ग्रीकमध्ये पुल्लिंगी ‘बाप्तिस्मोस’ होतं, हे लक्षात आलं असेल तर तुम्ही नीट वाचताय. ग्रीकने क्रिया आणि संस्कार असे दोन शब्द वेगळे ठेवले होते, लॅटिनने ते कुंपण राखलं नाही. लॅटिनमध्येही ‘बाप्तिस्मुस, बाप्तिस्मी’ असा पुल्लिंगी जोडीदार शब्द आहे, रामासारखा सरळ चालणारा, आणि क्वचित ‘बाप्तिस्मुम’ असा तिसराही, नपुंसक. तिघांच्या अर्थामध्ये भेद नाही. वर जे १९:३ दिलं त्याच्या लगेच खालचं १९:४ वाचा. पौल म्हणतो, योहानाने लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा दिला: ‘बाप्तिस्मो पाएनितेन्तियाए’. एका श्लोकात ‘बाप्तिस्माते’, दुसऱ्यात ‘बाप्तिस्मो’. दोन्ही पंचमी, दोन वेगळ्या शब्दांच्या. ‘बाप्तिस्मो’ हे ‘बाप्तिस्मा’चंच चुकीचं रूप आहे असं मानून माझ्या एका विद्यार्थ्याने वहीत काट मारली होती. काट मारू नका, षष्ठी बघा.

पुढे लोकांच्या तोंडी पुल्लिंगी शब्दच टिकला. रामासारखा चालणारा शब्द कर्मन्सारख्या चालणाऱ्यापेक्षा सोपा असतो, हे कोणत्याही शाळेतली मुलं सांगतील. इटालियनचं बात्तेसिमो, स्पॅनिशचं बाउतिस्मो त्यातूनच आले. प्रार्थनेच्या ठरलेल्या शब्दांत मात्र जुना नपुंसक राहिला, आणि तोच माझ्या विद्यार्थिनीच्या कागदावर होता.

लिंग पक्कं बसवायला मी एकच वाक्य पाठ करायला देते. इफिसकरांस पत्र ४:५: ‘उनुस दोमिनुस, उना फिदेस, उनुम बाप्तिस्मा.’ एक प्रभू, एक श्रद्धा, एक बाप्तिस्मा. सहा शब्दांत तिन्ही लिंगं! उनुस पुल्लिंगी, उना स्त्रीलिंगी, उनुम नपुंसक. ग्रीक मूळातही तसंच आहे: हेइस, मिया, हेन. मराठीत ‘एक’ बदलत नाही, त्यामुळे भाषांतरात हे सौंदर्य दिसूच शकत नाही. संस्कृतात दिसतं: एकः, एका, एकम्. नामाच्या शेवटावर विश्वास ठेवता येत नसेल तर शेजारच्या विशेषणाला विचारायचं, ते खोटं बोलत नाही.

हीच परीक्षा आ-कारान्त दिसणाऱ्या इतर ग्रीक पाहुण्यांना लावून बघा. ‘एक्लेसिया’, षष्ठी ‘एक्लेसियाय’, स्त्रीलिंगी, खरोखर मालेसारखा. ‘प्रोफेता’, षष्ठी ‘प्रोफेताय’, चालतो मालेसारखा पण लिंग पुरुषाचं. लूक ७:१६ ला ‘प्रोफेता माग्नुस’ आहे, ‘माग्ना’ नाही. ‘बाप्तिस्मा’, षष्ठी ‘आतिस’, नपुंसक. तिघांचा चेहरा सारखा, कुळं तीन. आमच्या शब्दाच्या कुळात दोग्मा, स्खिस्मा, खारिस्मा, आणि अभिषेकाच्या तेलाचा ख्रिस्मा हे येतात. ‘पास्खा’ हा हिब्रूकडून आलेला शब्द खरं तर या कुळाचा नाही, पण रूपाने इतका सारखा दिसतो की काही लेखक त्यालाही ‘पास्खातिस’ असं चालवतात.

लॅटिनला हा शब्द उसना घ्यायची गरज होती का, असं वर्गात हमखास विचारलं जातं. घरचे शब्द होते. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियानुस इ.स. २०० च्या आसपास बाप्तिस्म्यावर लॅटिनमध्ये लिहीत होता. तो ‘तिंगेरे’ हे क्रियापद वापरतो, म्हणजे भिजवणं, रंगात बुडवणं. जखमेवर लावायच्या टिंक्चरमध्ये तोच धातू आहे. ‘लावाक्रुम’, म्हणजे स्नान, हाही शब्द होता. पण टिकला तो ग्रीकच. घरचा शब्द रोजच्या धुण्यापुसण्यात गुंतलेला असतो, परका शब्द एकाच कामासाठी राखून ठेवता येतो, असं मला वाटतं. आपल्याकडे स्नान रोजचं आणि अवभृथ यज्ञाचं. मराठीतही तेच झालं. ‘स्नानसंस्कार’ हा चांगला शब्द आहे आणि चालतोही, तरी ‘बाप्तिस्मा’ हटला नाही. त्यातही गंमत म्हणजे रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्रांत ‘बाप्तिस्तेरियुम’ येतं ते त्याच्या बंगल्यातल्या थंड पाण्याच्या हौदासाठी, संस्काराचा तिथे मागमूस नाही.

व्याकरण चुकलं तर काय होतं, याची एक गोष्ट मी या शब्दासोबत दरवेळी सांगते. आठव्या शतकात बव्हेरियात एक पुरोहित होता, त्याला लॅटिन येत नव्हतं. बाप्तिस्म्याचं वाक्य असतं ‘बाप्तिझो ते इन नोमिने पात्रिस एत फिलिई एत स्पिरितुस सांक्ती’: पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करतो. ‘नोमिने’ ओळखलंत ना, आपलं ‘नाम’. हा पुरोहित ‘पात्रिया एत फिलिया’ म्हणत असे. षष्ठीचे प्रत्यय गेले, आणि पित्याचा झाला देश, पुत्राची झाली कन्या. पोपचा त्या भागातला प्रतिनिधी असलेल्या बोनिफेसने हुकूम काढला की या लोकांचा बाप्तिस्मा पुन्हा करावा. दोन धर्मगुरूंनी रोमला दाद मागितली. पोप झकारीने बोनिफेसला उत्तर पाठवलं: त्या माणसाने पाखंड म्हणून नव्हे, केवळ भाषेच्या अज्ञानातून असं म्हटलं असेल, तर मी पुन्हा बाप्तिस्म्याला संमती देऊ शकत नाही. झाला तो झाला.

आमच्या वर्गात वेदपाठशाळेत शिकलेला एक तरुण आहे. ही गोष्ट ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाई, आपल्याकडे वृत्र मेला असता.” पतंजलीने महाभाष्यात दिलेलं उदाहरण त्याला आठवलं. वृत्राने इंद्राला मारावं म्हणून त्वष्ट्याने केलेल्या यज्ञात ‘इन्द्रशत्रुर्वर्धस्व’ म्हणताना स्वर चुकला. इंद्राला मारणारा असा तत्पुरुष हवा होता, झाला बहुव्रीही, इंद्र ज्याला मारणारा आहे तो. आणि वृत्रच मारला गेला. एका परंपरेत प्रत्यय गळूनही संस्कार उभा राहतो, दुसरीत एका उदात्त स्वराने यजमान बुडतो. त्या दिवशी चहा निवला तरी दोघांचं, त्याचं आणि गाणाऱ्या मुलीचं, बोलणं थांबेना. मी मध्ये पडले नाही. दोघांच्याही बोलण्यात शब्दाबद्दल सारखंच प्रेम होतं.

पुण्यात ते लॅटिन वाक्य पेशवाईपासून उच्चारलं गेलं आहे. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभं राहिलं, पेशव्यांच्या सैन्यातल्या पोर्तुगीज बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींसाठी. त्यामुळे हा शब्द आपल्या शहराला परका आहे असं मी मानत नाही.

आता शेवटचं काम, आणि हे मराठी माणसासाठीच. लॅटिनमधलं नपुंसक लिंग मराठीत ओढून आणू नका. मराठीत ‘बाप्तिस्मा’ पुल्लिंगी आहे. तो बाप्तिस्मा, बाप्तिस्म्याचा दिवस, बाप्तिस्म्याने, अनेकवचनी बाप्तिस्मे. शेवटचा आ पाहून मराठीने त्याला घोडा, वाडा, ओढा यांच्या रांगेत बसवलं आणि सामान्यरूपात त्याला ‘या’ जोडला. ‘ते बाप्तिस्मा’ किंवा ‘बाप्तिस्माचे’ लिहून कोणी विद्वत्ता दाखवत असेल तर तिथे लॅटिनही नाही आणि मराठीही नाही. मूळ भाषेतलं लिंग बदललं म्हणून शब्द बिघडत नाही. ‘जन्म’च पाहा ना. संस्कृतात जन्मन् नपुंसक, याच ‘मन्’ कुळातला. मराठीत तो जन्म, माझा जन्म. कर्म मात्र ‘ते’च राहिलं.

हे सांगत असताना ती मुलगी कागदावर काहीतरी लिहीत होती. ‘उनुम’च्या डोक्यावर तिने बारीक अक्षरात ‘एकम्’ लिहिलं होतं, ‘बाप्तिस्मा’वर ‘कर्मवत्’. मग पेन्सिलीची टोकं मोजल्यासारखं करत विचारलं, “बाई, ‘कोन्फितेओर’ला शेवटी र का? कर्मणी आहे का हे?”

रूप कर्मणीचं, अर्थ कर्तरीचा. आपलं आत्मनेपद जवळपास तसंच. पण तेव्हा सहा वाजून गेले होते, म्हणून ते पुढच्या शनिवारवर ठेवलं.